नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही



आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत हातभर रुंदीची एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. शाळेत जाता-येता आम्ही ती रोज पाहायचो. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती, त्यामुळे ती काय सांगते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सातवीत इंग्रजी वाचता यायला लागलं तेव्हा एका दुपारी मी तिच्यापुढे उभी राहून एकेक शब्द लावला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून ३१ माणसं गेली, त्यातल्या ४ जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर होता. खाली काही नव्हतं. मी पाटीच्या कडेनं बोट फिरवून पाहिलं, पुढची ओळ चुन्याखाली गेली असेल असं वाटलं म्हणून. पुढची ओळ नव्हतीच.

अशा पाट्या साताऱ्यात, रत्नागिरीत, पुण्याच्या मावळात, आणि पंजाबपासून मद्रासेपर्यंत अनेक गावांत आहेत. सगळीकडे घाट तोच: गेले इतके, मेले इतके. आकडे तेवढे गावागणिक बदलतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. त्या एका गावातली ४६ माणसं त्या युद्धात मेली. आमच्या गावाचे चारच. पण त्या चारांतला एक माझ्या आजोबांचा चुलता होता, हे मला पाटीनं सांगितलं नाही, आजीनं सांगितलं. 'बसऱ्याला गेला तो', एवढंच आमच्या घरात म्हणत. बसरा कुठे आहे हे आजीला माहीत नव्हतं. परत न येण्याची एक जागा, एवढाच तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ होता.

युद्धाचं स्मरण माणसं का करतात आणि कसं करतात, यावर बोलावं असं तुम्ही मला सांगितलंत. मला सांगायचंय ते सगळं त्या पाटीच्या कोऱ्या राहिलेल्या भागातून निघतं.

प्रेत नसलेल्या मरणापासून सुरुवात करू. घरात माणूस गेला तर पुढे काय करायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. परक्या मुलुखात गेला आणि प्रेत आलंच नाही तर? आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नव्हता. बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितलेला आहे. महायुद्धानंतर लंडनला १९२० साली पोर्टलंडच्या दगडाचं सेनोटाफ बांधलं गेलं, त्या शब्दाचा अर्थ रिकामी समाधी. लाखो घरांत प्रेत आलेलं नव्हतं, आणि त्या घरांना डोकं टेकायला एक जागा हवी होती. पळसाची पानं आणि पोर्टलंडचा दगड यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

हे वाट पाहणं किती लांबू शकतं, हे पुण्यानं पाहिलेलं आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते मानलं नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या. मधल्या काळात भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गेली, आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. तोतयाचा हा प्रकार आपण राजकारणाची गोष्ट म्हणून वाचतो. मला त्यात शोकाची गोष्ट दिसते. ज्या मृत्यूवर कुणी माती टाकलेली नाही, त्या मृत्यूतून माणूस परत येऊ शकतो, असं हजारो घरांना वाटत होतं. भाऊ परत आले, तर आपलाही येईल.

पानिपतात किती माणसं पडली याची नाववार यादी कुणी केली नाही. करणारे हातच उरले नव्हते. महाराष्ट्रानं तो हिशोब दुसऱ्या मापानं ठेवला: लाख बांगडी फुटली. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते नुसतं अलंकारिक बोलणं वाटलं होतं. आता वाटतं, युद्धाची इतकी अचूक मोजणी दुसऱ्या कुठल्या भाषेत क्वचितच झाली असेल. रणांगणावरून पाहणारा प्रेतं मोजतो, घरातून पाहणारा बांगड्या मोजतो. आजही एखाद्याचा साफ पराभव झाला की त्याचं 'पानिपत झालं' म्हणतो आपण, आणि 'संक्रांत आली' म्हणताना अनेकांच्या मनात तीच तारीख असते. भाषेनं हे स्मारक बांधलं; त्याला ना चौथरा, ना कोनशिला. हरियाणात काला आंब इथे चौथरा आहे, तिथे दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात, मीही गेले आहे. थंडी मी म्हणत होती. कोल्हापूरकडचे एक वृद्ध गृहस्थ तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून घेत होते. कुणासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'आमच्यातले सहा गेले होते म्हणतात. नावं न्हाईत म्हाईत. पर माती तर त्यांचीच हाय न्हवं.'

आपल्याकडे युद्धात पडलेल्यासाठी दगड उभा करण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. गावाबाहेर, मारुतीच्या देवळाशी, पाराखाली वीरगळ उभे असतात. खालच्या कप्प्यात पडलेला माणूस, कधी त्याच्या शेजारी ज्या गाईंसाठी तो लढला त्या गाई. वरच्या कप्प्यात लढाई. त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांचा एक संच आहे, त्यावर वल्ही मारणारी गलबतं कोरलेली आहेत. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली तेराव्या शतकातली समुद्रावरची लढाई ती असावी, असं अभ्यासक मानतात. मुंबईच्या गर्दीत, इमारतींच्या आड, सातशे वर्षांपूर्वीचं आरमार दगडात वल्ही मारतंय.

पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात लेख असलेले पुष्कळ सापडतात, आपल्याकडे कमी. म्हणजे आपले पूर्वजही नाव न कोरताच दगड उभा करायचे, मग इंग्रजाच्या पाटीची तक्रार कशाला, असं कुणी विचारेल. मीही हा प्रश्न स्वतःला विचारला. वीरगळ उभा राहिला तेव्हा तो कुणाचा, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. पुढे नाव विसरलं गेलं तरी शेंदूर लागत राहिला, नारळ फुटत राहिला, दगडाचा 'वीर' झाला आणि वीराचा देव झाला. कितीतरी घरांत पूर्वजाचा चांदीचा टाक देवांच्या ओळीत बसलेला असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदेवर नेतात, नाचवतात, न्हाऊ घालून घरी आणतात. ज्याच्या अंगावर वर्षातून एकदा पाणी पडतं, त्याला नाव नसलं तरी घर आहे. चावडीतल्या त्या '४' या आकड्याला घर नव्हतं.

वीरगळाशेजारी पुष्कळदा सतीशिळा असते: कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला उभा हात. तो हात मला कधीही वंदनीय वाटलेला नाही, त्याकडे पाहून घसा दाटतो. पण एक मान्य केलं पाहिजे. त्या काळच्या दगडानं, कितीही क्रूर रीतीनं का होईना, युद्धात बाईचं काय झालं याची नोंद ठेवली. नंतरच्या स्मारकांवर बाई कुठेच नाही. माझ्या आजोबांच्या त्या चुलत्याची बायको सतरा वर्षांची होती. तिनं पुढे पन्नास वर्षं त्याच घरात काढली. तिची पाटी कुठल्याही चावडीत नाही.

आता बसऱ्याकडे येते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि ७४ हजारांच्या आसपास मेली. परदेशी गेलेल्यांतले सर्वाधिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ ला या सैन्याला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर शरणागती झाली, आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. वाळवंटातून चालवत त्यांना उत्तरेकडे नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि पुष्कळजण वाटेतच गेले. त्यांना कुणी कुठे पुरलं, जाळलं की तसंच टाकलं, हे सांगायला मागे कुणी राहिलं नाही.

याच सुमारास, १९१४ ते १७ या काळात, फेबियन वेअर नावाच्या माणसानं एक मोठं काम अंगावर घेतलं होतं: साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकाची नोंद. त्यातून १९१७ मध्ये वॉर ग्रेव्हज कमिशन उभं राहिलं. जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा, आणि ज्याचा देह सापडला नाही त्याचं नाव स्मारकावर, हे त्यांचं तत्त्व. मी हे तत्त्व थोर मानते. त्याआधी मोठ्यांचे पुतळे होत आणि बाकीच्यांची सामाईक खंदकात माती होई. फ्रान्समध्ये नव शापेलला १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावं कोरलेली आहेत, कारण ते स्मारक युरोपात होतं. बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. ४० हजारांहून अधिक जणांसाठी आहे ते. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा आला. असे तीस हजारांहून अधिक.

नावं मिळाली नाहीत, याद्या अपुऱ्या होत्या, हे कारण त्या वेळी दिलं गेलं. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. त्याच सरकारनं मृतांच्या वारसांना ब्राँझची एक जड गोल चकती पाठवली होती. वाटीच्या तोंडाएवढी, त्यावर ब्रिटानिया, पायाशी सिंह, आणि एका चौकोनात मृताचं नाव उठावात ओतलेलं. हुद्दा मुद्दाम घातलेला नव्हता. हिंदी शिपायांच्या नावांच्या अशा चकत्या आजही जुन्या बाजारात सापडतात. आमच्या घरातली चकती आजीच्या देवघरात होती. तिला हळदकुंकू वाहून वाहून ब्रिटानियाचा चेहरा पिवळा पडला होता. ज्या सरकारला साच्यात नाव ओतता आलं, निवृत्तिवेतनाच्या कागदावर नाव लिहिता आलं, त्याला ते भिंतीवर कोरता आलं नाही? खरं कारण कमिशननंच नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये उघडपणे लिहिलं. हिंदुस्थानी, आफ्रिकी, इजिप्शियन माणसांना नावाची, थडग्याची काय किंमत, असा समज वर बसलेल्यांचा होता. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं नावानिशी स्मरण झालंच नाही, असा अंदाज त्याच अहवालात आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारे शंभर वर्षं आधीची गोष्ट सांगते. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारनं १८२१ मध्ये बांधायला घेतला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतला आपला जय मिरवावा, हा हेतू. तिथे मेलेल्यांना आदर द्यावा असं काही कंपनीच्या काळजात उमललं होतं, असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट झाली. स्तंभावर मृत शिपायांची नावं कोरली गेली. त्यांतल्या कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक' आहे, ती महारांच्या नावांची खूण. ज्यांना गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांची नावं दगडावर आली. पुढे त्याच समाजाला सैन्यभरती बंद केली गेली, आणि तेव्हा त्या नावांकडे बोट दाखवून माणसं आपला हक्क मागू शकली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. आज दर वर्षी लाखो माणसं जातात. दगड उभारणाऱ्याचा जय आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. येणारा आपल्या माणसाचं नाव पाहायला आणि आपली मान ताठ करायला येतो. ज्यांना हे स्मरण खटकतं त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. मी फक्त एवढं विचारते: तिथे नावांऐवजी आकडा कोरला असता तर? तर शंभर वर्षांनी कुणालाही तो दगड आपला म्हणता आला नसता.

स्मरणात निवड असते, हेही मान्य करू या. मराठा लाइट इन्फन्ट्री ४ फेब्रुवारीला मराठा दिन साजरा करते, तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सिंहगड घेतला त्याची ही आठवण. रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण मात्र १७६८ ची. म्हणजे पलटणीनं आपला पूर्वज स्वतः निवडला. कुटुंबंही असंच करतात, त्यात मला गैर वाटत नाही. पण निवडताना जे सुटतं ते कुठे जातं? १९४७ नंतर कुत आणि बसरा आपण सोडून दिले. ते युद्ध साम्राज्याचं होतं, स्वातंत्र्याच्या गोष्टीत ते बसत नव्हतं. माझे वडील स्वतः बेचाळीसच्या चळवळीत होते, त्यांनाही आपल्या घरातल्या त्या चकतीचा संकोच वाटायचा. आजोबांचा चुलता गेला होता तो पगारासाठी, दुष्काळात घर चालावं म्हणून, आणि थोडाफार पलटणीच्या अब्रूसाठी. राजासाठी जीव द्यावा असं त्याच्या मनात कधी आलं असेल, असं मला वाटत नाही. परक्यासाठी मेला म्हणून तो आमचा नव्हता, असं मात्र कुठल्या तोंडानं म्हणायचं?

परमुलुखातली माणसं कधीकधी हे आपल्याहून आधी ओळखतात. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोने नावाच्या इटलीतल्या छोट्या गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य मला तिथे आठवला. आणि आपल्या दाराशी, मुंबईत मशीद बंदराला, इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात बुडालेल्या खलाशांची स्मारकं आहेत. एकट्या पहिल्या युद्धातली तिथे दोन हजारांहून अधिक नावं आहेत, त्यांत कोकणच्या खाड्यांमधून आलेली मुसलमान घरं पुष्कळ. समुद्रावर थडगं नसतं, म्हणून ती भिंत. लाखो मुंबईकर रोज तिच्या जवळून लोकलनं जातात.

दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत, पण बरीचशी इतक्या उंचीवर की खालून नीट वाचता येत नाहीत. २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय युद्धस्मारक मला यासाठी आवडतं, की तिथे नावं हात पोचेल अशा भिंतींवर आहेत. त्या दिवशी ती जवळपास २६ हजार होती. एक बाई आपल्या नवऱ्याच्या नावावर पदर फिरवून धूळ पुसताना मी पाहिली. धूळ नव्हती खरं तर.

शेवटी एक घरचा प्रसंग सांगून थांबते.

कमिशनच्या नोंदी आता कुणालाही पाहता येतात. आकडा म्हणून कोरलेल्या शिपायांची नावं नोंदवहीत होती. नाव, पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका, सातारा, बॉम्बे. इंग्रजीत लिहिताना ती अशी मोडली आहेत की मोठ्यानं वाचल्याशिवाय लागत नाहीत. तीन उन्हाळे मी त्यामागे घालवले. चारांतले तीन सापडले. आमचा पहिल्याच वर्षी सापडला; त्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं आहे, बापाचं नाव बरोबर आहे.

भाद्रपद वद्य चतुर्दशीला आपल्या पंचांगात शस्त्रादिहत पितृश्राद्ध लिहिलेलं असतं. शस्त्रानं गेलेल्यांचा तो दिवस, सर्वपित्रीच्या आदला. वर्षानुवर्षं छापला जातो, आपण पान उलटतो. त्या दिवशी मी गावी गेले. आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले आबा नदीवर पाणी द्यायला तयार झाले. मी नावं वाचत होते, गुरुजी म्हणत होते, आबा ओंजळ सोडत होते. पहिल्या नावाला ते अडले. म्हणाले, 'असं न्हवं गं, अक्षर चुकलंय. त्येला घरात तात्या म्हनायचे, पर नाव हे न्हवं.' आणि त्यांनी बरोबर नाव सांगितलं. कुणीही कधी बरोबर न लिहिलेलं, आजीकडून त्यांनी ऐकलेलं.

तीन ओंजळी झाल्या. चौथ्याला गुरुजी म्हणाले, नाव नसेल तर धर्मपिंड द्या, तशी सोय आहे शास्त्रात, बेवारशांसाठी. आबांनी तांब्या खाली ठेवला.

'बेवारस कसा? गावचा हाय,' ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. 'तू हुडकतीयास न्हवं? हुडक. फुडल्या साली दिऊ.'